तिने एकदाच विचारलं

माझ्या नवऱ्याला, आर्विडला, कुणीही 'कसा आहेस' विचारलं की तो 'वाईट नाही' म्हणतो. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर म्हणाला, मुलगी झाली तेव्हा म्हणाला, आणि तो चालवत असलेला जिल्ह्याचा बर्फ ढकलणारा ट्रक वळणावर उलटून त्याची मांडी मोडली तेव्हा स्ट्रेचर उचलणाऱ्या पोरांनाही त्याने हेच सांगितलं. ती पोरं आमच्याच गावची, म्हणून त्यांनी ते मनावर न घेता गाडी जोरात हाणली. डुलुथ शहरातल्या दवाखान्यात त्याला बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवलं. त्या काळी हिपॅटायटिस सी नावाचा प्रकार कुणाला ठाऊकच नव्हता, मग तपासणार काय? एका बाटलीतून तो विषाणू आर्विडच्या अंगात शिरला आणि पुढची तीसेक वर्षं त्याचं लिव्हर कुरतडत बसला. आर्विडसारखाच, तक्रार नाही की आवाज नाही.

ते कळलं चर्चमधल्या रक्तदानामुळे. रक्तपेढीवाल्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं की यापुढे रक्त देऊ नका आणि आधी डॉक्टर गाठा. आर्विड घरी येऊन म्हणाला, काहीतरी लिव्हरचं आहे, विशेष नाही. विशेष नाही म्हणजे काय ते डुलुथला डॉ. पर्लमटरबाईंनी पडद्यावर दाखवलं. लिव्हरवर जागोजागी वण होते. अजून थोडं पुढे गेलं असतं तर काही करता आलं नसतं.

या डॉक्टरीणबाई मूळच्या न्यू जर्सीच्या. बोलायला लागल्या की आपलं वाक्य मध्येच तोडतात, हात नाचवतात, आणि एखादी गोष्ट वाईट असली तर ती वाईट आहे असं तोंडावर सांगतात. पहिले दोन महिने आम्हाला वाटत होतं की त्या आमच्यावर चिडल्या आहेत. आर्विड तर गाडीत बसल्यावर मला विचारायचा, आपण काही चुकीचं बोललो का. मग हळूहळू लक्षात आलं की बाईंचा जीव आहे आपल्यावर. त्यांच्याकडे जीव लावण्याची रीतच आरडाओरड्याची आहे.

औषध म्हणजे दर शुक्रवारी पोटात एक सुई आणि रोज मूठभर गोळ्या, असं वर्षभर. सुई मी टोचायची. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात टर्की भाजण्यात गेला माझा, त्यामुळे मांसात काही खुपसायची मला भीती नव्हती. पण सुईनंतर जे व्हायचं त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. शनिवार-रविवार तो तापाने थडथड उडायचा. केस विरळ झाले, तोंडाची चव गेली, पँट कमरेवर ठरेना. गोठलेल्या तळ्यावर झोपडी ठोकून, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसणं हा या माणसाचा एकच शौक, त्या हिवाळ्यात त्याने त्या झोपडीचं कुलूपसुद्धा उघडलं नाही. आणि विचारलं तर उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

वर्ष संपत आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. म्हणाल्या, विषाणू आता दिसत नाही. आम्ही दोघं खूश होणार इतक्यात त्यांनी हात वर केला. काहींच्या अंगातून तो लवकर जातो, त्यांना वर्ष पुरतं. आर्विडच्या अंगातून तो फार उशिरा गेला होता. अशा माणसांचं औषध वर्षावर थांबवलं की तो पुष्कळदा परत येतो, आणि परत आला तर द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आणखी सहा महिने त्याच सुया, त्याच गोळ्या, एवढाच मार्ग. मी विचारलं, आणि परत आला तर लिव्हर किती तग धरेल? त्यांनी आकडा सांगितला नाही. आमच्याशी नेहमी तोंडावर बोलणाऱ्या बाईंनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

विमा कंपनीने वर्षभराचं औषध कबूल केलं होतं. आणखी सहा महिने म्हटल्यावर त्यांनी नाही म्हटलं. यात नवल नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते पहिल्यांदा नाहीच म्हणतात, मग आपण अपील करायचं, मी भांडते, तुम्ही काळजी करू नका. आम्ही काळजी केली नाही. मी मात्र दोन दिवसांनी संध्याकाळी चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेले, आणि नेमक्या त्याच वेळी कंपनीतून फोन आला.

मी परत आले तेव्हा आर्विड टीव्हीसमोर बसला होता. म्हणाला, फोन आला होता. कुणाचा, तर विमावाल्या बाईचा, फार चांगली बाई होती. काय म्हणाली, तर म्हणाला, विशेष नाही. मीही पुढे विचारलं नाही, कारण चांगली बाई म्हणजे चांगली बातमी असणार असं मी समजून चालले.

पुढच्या महिन्याची औषधाची पेटी आलीच नाही. दर महिन्याला बर्फात घालून ती दाराशी यायची. मी फोन करणार तोच दवाखान्यातून निरोप आला की ताबडतोब या. आम्ही डुलुथला पोचलो तर डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या आणि या वेळी त्या खरोखरच चिडल्या होत्या.

"मी त्यांच्याशी आठवडाभर भांडते आहे," त्या म्हणाल्या, "आणि ते मला सांगतात, पेशंटनेच माघार घेतली. मिस्टर हॉगलँड, तुम्ही अपील नको म्हणालात?"

आर्विड बुटाकडे बघत होता. "नको असं नाही म्हणालो."

"मग काय म्हणालात?"

"त्या बाईने विचारलं, अपील करायचं का. मी म्हटलं, नको, राहू दे, कशाला तुम्हाला त्रास."

"म्हणजे नकोच म्हणालात."

"पण तिने एकदाच विचारलं," आर्विड म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला एकदम सगळं समजलं, आणि कपाळावर हात मारावासा वाटला. "माणसाला किती वेळा विचारायचं असतं?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं एकाच वेळी म्हणालो, "तीनदा."

आता हे न्यू जर्सीच्या माणसाला कसं समजावायचं? आमच्याकडे कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणतात, उगाच माझ्यासाठी करू नका. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतात, बरं, केलीच असेल तर घोटभर द्या. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस म्हणजे हावरट, आणि एकदाच विचारून किटली उचलून नेणारी बाई म्हणजे माणूसघाणी. हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर ठेवलेल्या ताटात शेवटची वडी उरली की ती कुणी उचलत नाही. एक जण निम्मी कापून घेतो, दुसरा त्या निम्म्यातली निम्मी, आणि शेवटी ताटात चिमणीला पुरणार नाही एवढा चुरा घेऊन बायका भांडी घासायला जातात. अशा गावात वाढलेल्या माणसाला कुणा परक्या बाईने फोनवर विचारलं, तुमचा जीव वाचवायला आम्ही जरा खटपट करू का. तो बिचारा रीतीने नको म्हणाला आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसला.

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकून हसल्या. राग निवळला असं वाटलं, पण नाही. हसून झाल्यावर त्यांनी टेबलावर हात आपटला आणि तिथूनच कंपनीला फोन लावला.

फोनवर तीच बाई आली. योलांडा तिचं नाव, टेक्ससमधून बोलत होती. आर्विड म्हणाला होता ते खरंच होतं, बाई चांगली होती. सगळी बोलणी ध्वनिमुद्रित होतात म्हणे, तिने आर्विडचं बोलणं आम्हाला ऐकवलं. दवाखान्याच्या त्या खोलीत माझ्या नवऱ्याचा आवाज गोड हसून सांगत होता, नको हो, तुम्हाला आधीच किती कामं असतील. मग तिचा आवाज, म्हणजे उपचार संपले अशी नोंद करू? आणि आर्विड म्हणतो, तुम्हाला सोयीचं असेल ते करा.

मला त्याच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला. तो समोर इतका खजील होऊन बसला होता की घातला नाही.

योलांडाला मी आमची रीत सांगितली. ती म्हणाली, मॅडम, मला हे कळतं, माझ्या आजीच्या घरी ताट रिकामं असेपर्यंत कुणाचं नको ऐकूनच घेत नाहीत. पण कंपनीच्या फोनवर तिला एकदाच विचारायची परवानगी होती. दुसऱ्यांदा विचारलं तर तो गिऱ्हाइकावर दबाव धरतात. मी म्हटलं, धन्य आहे. मग आता काय करायचं? ती म्हणाली, बंद झालेलं अपील पुन्हा उघडता येतं. तीन डॉक्टरांचं मंडळ फोनवर सुनावणी घेतं. डॉक्टरीणबाई औषधाचं सांगतील, पण एकदा नको म्हटलेलं असल्यामुळे मला हे हवं आहे असं पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. बायकोने शेजारी बसलं तर चालेल, बोलायचं मात्र नाही.

"ते विचारतील तेव्हा सर," ती आर्विडला म्हणाली, "एकदाच विचारतील."

सुनावणीला तीन आठवडे होते. तेवढ्यापुरतं औषध डॉक्टरीणबाईंनी कुठून कुठून जमवून दिलं, आणि मी नवऱ्याला हो म्हणायला शिकवायला घेतलं.

हसू नका. या वयात माणसाला पोहायला शिकवणं सोपं. सकाळी मी विचारायची, धिरडं घालू? तो म्हणायचा, नको, तू दमली असशील. मी तवा बंद करून टाकायची. पहिल्या दिवशी तो न्याहारीशिवाय राहिला, दुपारी सँडविच नको म्हणाला, आणि संध्याकाळी मी सूप विचारलं तेव्हा तोंड उघडलं आणि परत मिटून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आधीच तो वाळलेला, त्यात मी त्याला उपाशी मारते आहे असं वाटून तिसऱ्या दिवशी मी न विचारताच ताट पुढे ठेवलं आणि त्याने ते चाटूनपुसून खाल्लं. शिकवणी तिथेच बारगळली.

मी म्हटलं, तुला बायकोसमोर जमत नाही, चार लोकांत करून बघ. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर सगळे तळघरात कॉफीला जमले. ताटात लिंबाची एक वडी उरली होती. भोवती लोक नेहमीसारखे तिच्याकडे न बघता बघत होते. लाव्होन, आमची शेजारीण, ताट घेऊन फिरत आली आणि सवयीने म्हणाली, आर्विड, ही घेतोस का? तिला उत्तराची अपेक्षाच नव्हती, ती पुढे सरकलीसुद्धा होती. आर्विड मोठ्याने म्हणाला, "हो." आणि ती अख्खी वडी उचलून त्याने तोंडात टाकली.

तळघरात बोलणी थांबली. लाव्होनचं ताट हातात तसंच राहिलं. आर्विड लालभडक झाला होता पण चावत होता, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी कॉफी उगाचच ढवळत राहिले.

दुपारपर्यंत गावभर झालं की आर्विड हॉगलँडने शेवटची वडी खाल्ली. संध्याकाळी पहिली हॉटडिश आली. खिमा, बटाटे, वरून मशरूमचं सूप, भट्टीतून काढलेली, फॉइल लावून. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. आमच्याकडे हॉटडिश एक तर नवीन बाळाच्या घरी जाते नाही तर मयताच्या, आणि आमचं बाळंतपणाचं वय केव्हाच गेलं होतं. लाव्होन सगळ्यांत शेवटी आली. भांडं माझ्या हातात देऊन तिने आत डोकावून बघितलं आणि हळूच विचारलं, "अगं मार्लिस, डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?"

मी तिला सांगितलं की काही नाही, तो सराव करतो आहे. तिने माझे हात धरले आणि म्हणाली, हो गं, तू धीर सोडू नकोस. पुढे आठवडाभर आम्ही हॉटडिश खाल्ली, आणि त्याच्या तोंडाला चव नव्हती हे एका परीने बरंच झालं.

सुनावणीच्या सकाळी त्याने स्वच्छ शर्ट घातला आणि केस विंचरले, म्हणजे जे होते ते. फोनवर कोण बघणार आहे, असं मी म्हटलं नाही. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, फोन मध्ये, स्पीकरवर. डुलुथहून डॉक्टरीणबाई होत्या. मंडळाचे प्रमुख डॉ. व्हिटकोम म्हणून होते. आवाजावरून वयस्क आणि अगदी सभ्य गृहस्थ. मला ते ऐकून धास्तीच वाटली. एखादा खडूस माणूस असता तर बरं झालं असतं. खडूस माणसाला आर्विड निदान गप्प बसून विरोध करतो. चांगल्या माणसाचं मन मोडणं त्याला जन्मात जमलेलं नाही.

डॉक्टरीणबाई आपलं बोलल्या. विषाणू कधी गेला, वर्षावर थांबलं तर काय होतं, लिव्हरवर किती वण आहेत, सगळं. एकदाही आवाज चढला नाही. मग डॉ. व्हिटकोम म्हणाले, "मिस्टर हॉगलँड, कसे आहात?"

"वाईट..." आर्विड म्हणाला.

बोलायचं नाही असं मला सांगितलं होतं. लाथ मारायची नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. टेबलाखालून मी त्याच्या नडगीवर मारली.

तो थांबला. डॉ. व्हिटकोमनी विचारलं, लाईनवर आहात ना? तेव्हा तो टेबलाच्या कडेवर अंगठा घासत बोलायला लागला, फार हळू, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतो आहे.

"वाईट आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी रात्रीपासून हाडं दुखतात. रविवारपर्यंत उभं राहवत नाही. चर्चमध्ये मी बाकाला धरून उभा असतो. अन्नाला पत्र्याची चव लागते. वाचलेलं डोक्यात राहत नाही, एकच पान परत परत वाचतो. आणि मला रडू येतं. कारण काही नसतं. गॅरेजमध्ये जाऊन ट्रकमध्ये बसतो, कारण घरात रडलो तर हिला दिसेल. पुष्कळदा होतं तसं. आठवड्यातून तीन-चारदा."

मी त्याच्याकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. वर्षभर तो दर थोड्या दिवसांनी तेल बघतो, टायर बघतो म्हणून गॅरेजमध्ये जात होता, आणि मी भांडी विसळत म्हणत होते, या माणसाला ट्रकचं किती वेड.

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला. डॉ. व्हिटकोमचा आवाज आणखी मऊ झाला.

"मिस्टर हॉगलँड, हे फार कठीण आहे. तुम्ही वर्षभर सोसलंत, पुष्कळ झालं. इथे थांबलात तर कुणीही तुम्हाला नावं ठेवणार नाही. आपण थांबू या का?"

त्याला खरं बोलायला लावलं ते आम्हीच, आणि आता तेच खरं उचलून हा भला माणूस किती प्रेमाने त्याला दार दाखवत होता. आणि विचारलं होतं ते अगदी आमच्याच सुरात. असं कुणी विचारलं की आर्विड म्हणतो, तुम्ही म्हणाल तसं. जन्मभर हेच म्हणत आलाय. जिल्ह्याने पेन्शन कापली तेव्हा म्हणाला, भावाने तळ्याकाठची जमीन मागितली तेव्हा म्हणाला. मी तोंडावर हात दाबून धरला. डॉक्टरीणबाईसुद्धा गप्प होत्या. न्यू जर्सीची बाई इतका वेळ गप्प, यावरून काय ते समजा.

"नाही," आर्विड म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"थांबायचं नाही. मला औषध हवंय. सगळे सहा महिने हवेत." त्याने घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, "मला जगायचंय. मला हिच्याबरोबर म्हातारं व्हायचंय." मग क्षणभर थांबून त्याने जोडलं, "तुम्हाला फार त्रास नसेल तर."

डुलुथच्या बाजूने नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. डॉ. व्हिटकोम म्हणाले, नाही, आम्हाला काहीच त्रास नाही. मग त्यांनी आम्हाला थांबायला सांगितलं आणि फोनमध्ये व्हायोलिन वाजायला लागलं. ते वाजून संपलं, परत पहिल्यापासून सुरू झालं. आर्विडने टेबलावरचा मिठाचा डबा सरळ केला, मी तो पुन्हा वाकडा केला. मग ते परत आले आणि म्हणाले, रीतसर कळवतीलच, पण निकाल आताच सांगायला हरकत नाही. सहा महिने मंजूर.

फोन ठेवल्यावर आर्विड म्हणाला, जरा जास्तच बोललो का मी? मी म्हटलं, नाही. आनंद झाला होता, भरपूर झाला होता, पण त्याच्या खाली रागही होता, आणि तो मला लपवता येत नाही. टेक्ससच्या कुणा योलांडाच्या कंपनीतली तीन माणसं, ज्यांची तोंडं आम्ही कधी बघणार नाही, त्यांना जे कळलं ते मला त्यांच्याबरोबर कळलं होतं. पोटात सुई मी टोचत होते.

औषध आलं. शुक्रवारी मी सुई टोचली. शनिवारी दुपारी त्याने कोट घातला आणि म्हणाला, जरा ट्रकचं तेल बघून येतो.

मी भांडी तशीच टाकली, त्याचेच जुने बूट पायात अडकवले आणि मागोमाग गेले. गॅरेजचं मोठं दार बंद होतं. तो ट्रकमध्ये बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कुठे निघाल्यासारखा. मी पलीकडचं दार उघडून चढून बसले. त्याने हातमोज्याने घाईघाईने तोंड पुसलं, पण व्हायचं ते झालेलं होतं.

"मला सांगता आलं नाही तुला?" मी म्हटलं.

"तू काळजी केली असतीस."

"ती मी तशीही करते. फुकट करते. निदान कशाची करायची ते तरी कळलं असतं."

तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिथे फावडी आणि जुनी घसरगाडी टांगलेली होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

"मला भीती वाटते, मार्लिस," तो म्हणाला. "सुयांची नाही. एवढं सगळं करून तो परत आला तर."

"मलाही वाटते," मी म्हटलं. "रोज वाटते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मी थरथरते आहे हे त्याच्या ध्यानात आलं, कारण मी कोटाशिवाय आले होते, आणि हीटर लावावा म्हणून त्याचा हात किल्लीकडे गेला.

"आधी गॅरेजचं दार उघड," मी म्हटलं, "नाहीतर आपण दोघं इथेच गुदमरू आणि कंपनीचे सहा महिने वाचतील."

तो हसला. पोट धरून हसला, वर्षभरात ऐकलं नव्हतं तसं, आणि हसता हसता त्याला पुन्हा रडू फुटलं. या खेपेला मी शेजारी होते.